वाट राहील

डहाणूजवळच्या वरोरच्या जतीन पागधरेला पाण्याचा रंग बघून तळ सांगता यायचा. लाट कुठे अडखळते, फेस कुठे रेंगाळतो, एवढ्यावर तो म्हणायचा, इथे खडक आहे, इथे गाळ आहे, बोट इकडून काढा. ही विद्या बापाने दिली. बोट मात्र तिघा भावांत एकच होती, आणि एका बोटीवर तीन तांडेल नांदत नाहीत. म्हणून पस्तिशीत त्याने मुंबईला जाऊन लाँच चालवायचं सर्टिफिकेट काढलं, काही वर्षं बंदरांच्या कामांवर टग चालवले, आणि दोन हजार बावीस साली दिवाळीनंतर एका बांधकाम कंपनीबरोबर परदेशी गेला.

परदेश म्हणजे दुबई नव्हे. हिंदी महासागरातल्या एका लहानशा देशाच्या मालकीचं, पण त्या देशाच्या राजधानीपासूनही बोटीने दोन दिवसांवर असलेलं एक बेट. लांबीला वरोरपासून चिंचणीपर्यंत, म्हणजे पाचेक किलोमीटर, रुंदीला त्याच्या निम्मं. वस्ती तीनशे माणसांची, बाकी सगळे नारळ. कंपनीचे कामगार त्याला नारळबेट म्हणत. आपल्या सरकारचा त्या देशाशी करार झाला होता. मोठी विमानं उतरतील अशी धावपट्टी, जहाजं लागतील अशी जेट्टी आणि टेकाडावर एक रडार, असं आपण बांधून द्यायचं आणि मग दोघांनी मिळून वापरायचं. 'तळ' हा शब्द साइटवर कुणी उच्चारायचा नाही, असं पहिल्याच दिवशी बजावलेलं. "ही भागीदारी आहे, तळबिळ काही नाही," असं साहेब म्हणत. पण नौदलाचे अधिकारी दर महिन्याला येऊन नकाशे पसरून बसत, तेव्हा कामगारांना कळायचं ते कळे.

जतीनला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. उलट छाती फुगायची. बायकोला, क्रांतीला, तो फोनवर सांगायचा, "एवढ्या लांब दर्यात आपला देश पाय रोवतोय, आणि सर्व्हेची बोट कोण चालवतंय? वरोरचा माणूस!" आई सोनूबाई, डहाणूच्या बाजारात सुकी मासळी विकणारी, पलीकडून विचारायची, "जेवायला काय देतात?" मुलगी हर्षदा तेव्हा बारावीत होती. तिला तो तिथल्या निळ्या पाण्याचे फोटो पाठवायचा.

कामावर त्याला मुलुखाचा एक माणूस भेटला. धाकल्या वरठा, तलासरीच्या वेवजीचा. तो काँक्रीटच्या गँगमध्ये होता. पहिल्यांदा समुद्रावर आला तेव्हा तीन दिवस ओकला होता. जतीनने त्याला लिंबू आणि सुके बोंबील देऊन उभं केलं. तेव्हापासून धाकल्या त्याच्याशी घरच्यासारखा वागे. धाकल्या बोलायचा कमी, आणि साहेब असो की मुकादम, सगळ्यांना 'तू'च म्हणायचा.

आणि दुसरा माणूस भेटला तो रागू.

रागू बेटावरच्या मच्छीमारांत सगळ्यात म्हातारा, पासष्टीच्या पुढचा. एकदा जेट्टीवर दोर अडकला म्हणून जतीन खलाशावर ओरडला, "अरे सोड, सोड!" तर बाजूच्या होडीतला हा म्हातारा हसायला लागला आणि तसंच ओरडला, "सोड, सोड!" मग उलगडा झाला. रागूचा पणजा कोकणातून त्या देशात उसाच्या मळ्यांवर मजूर म्हणून आला होता, आणि बाप तिथून नारळाच्या कामाला या बेटावर. घरात मराठीचे पंधरा-वीस शब्द तेवढे उरले होते. ये, बस, जेव, पाणी, देवा, भाऊ. बाकी सगळी त्यांची क्रिओल, तिकडची मिश्र बोली. पण त्या पंधरा-वीस शब्दांवर जतीन दर रविवारी रागूच्या घरी जेवायला जाऊ लागला. रागूची मुलगी लिला नारळाच्या दुधात मासे शिजवायची. जावई आंत्वान गिटार वाजवायचा. वर्षभरात जतीन मोडकीतोडकी क्रिओल बोलायला शिकला, आणि बेटावरची माणसं त्याला नावाने न हाक मारता 'भाऊ' म्हणू लागली.

बेटाभोवती खडकांचं कडं होतं. आतलं पाणी तळ्यासारखं शांत, बाहेर उघडा महासागर. कडं ओलांडायला दोनच वाटा. पश्चिमेची अरुंद, तिथे लाट कधी फुटेल ते सांगता येत नसे. उत्तरेची रुंद आणि खोल. तिच्यातून बेटावरच्या होड्या पिढ्यान्‌पिढ्या जात-येत होत्या. ती वाट जतीनला रागूनेच शिकवली. दोन वाकडे नारळ आणि काळा सुळका एका रेषेत आले की वळायचं, मग सुळका उजव्या हाताला ठेवून सरळ. जतीनने ते शिकून घेतलं आणि कंपनीच्या सर्व्हेत जसंच्या तसं उतरवलं. मोजमापं इतकी चोख आली की साहेबांनी पाठ थोपटली. जहाजांसाठी उत्तरेचीच वाट ठरली.

पुढे काय येणार ते त्याला कळायला हवं होतं. खरं तर कळलंच होतं.

दोन हजार चोवीसच्या जानेवारीत साइट ऑफिसात नवा नकाशा लागला. जेट्टीपासून उत्तरेच्या वाटेपलीकडेपर्यंतचा सगळा भाग लाल तिरप्या रेघांनी भरलेला. खाली लिहिलेलं: कायम प्रतिबंधित क्षेत्र. त्याच्या कडेने बावीस पिवळे बोये, म्हणजे पाण्यावर तरंगत्या खुणा, टाकायचे होते, आणि ते टाकायचं काम जतीनच्या बोटीचं. बोये तळाशी धरून ठेवायला सिमेंटचे बावीस ठोकळे लागणार होते. ते धाकल्याच्या गँगने ओतले, जतीनने त्यांच्यावर रंगाने आकडे घातले, आणि ठोकळे जेट्टीच्या मागे ताडपत्रीखाली झाकून ठेवले.

बेटावर कुजबुज सुरू झाली. वाट बंद होणार म्हणे. मच्छीमारांनी आपल्या होड्या जेट्टीसमोर आणून नांगरल्या, आणि खडी घेऊन आलेला बार्ज दोन दिवस बाहेरच थांबला. राजधानीहून एक अधिकारी आला, त्याने शाळेच्या पडवीत सभा घेतली. लोकांनी त्याचं ऐकून घेतलं आणि होड्या तिथेच ठेवल्या.

तिसऱ्या दिवशी साइटच्या मोठ्या साहेबांनी जतीनला बोलावलं. केबिनमध्ये नौदलाचे दोन अधिकारी बसले होते. आजवर जतीन त्या केबिनमध्ये दाराशी उभा राहून बोलला होता. त्या दिवशी साहेबांनी स्वतः खुर्ची ओढून दिली.

"जतीनजी," साहेब म्हणाले. जतीनजी! "ते लोक तुम्हाला मानतात. तुम्ही त्यांना सांगा, वाट राहील."

"पण नकाशात तर कायम बंद लिहिलंय, सर."

"नकाशे बदलतात. आधी काम होऊ दे, मग आपण बसून बघू. आज आपण इथे हललो नाही, तर उद्या दुसरा कुणी इथे येऊन बसेल. तो यांना विचारणार तरी आहे का?"

दोघा अधिकाऱ्यांपैकी एकजण उठला आणि जतीनच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तुम्ही समुद्रावरचे आहात. तुम्हाला हे समजवायला नको."

जतीन 'हो सर' म्हणाला.

पुढे त्याने स्वतःला पुष्कळ कारणं सांगून पाहिली. देशाचं काम होतं. नाही म्हटलं असतं तर पुढच्या विमानाने घरी पाठवलं असतं. आपण नाही तर दुसऱ्या कुणीतरी सांगितलंच असतं. सगळी कारणं खरीच होती. पण ती सगळी बाजूला सारली की खाली जे उरायचं ते फार लहान होतं. त्याला खुर्ची दिली होती. जन्मात पहिल्यांदा मोठ्या माणसांनी त्याला आपल्यात बसवून विचारलं होतं, आणि ते त्याला आवडलं होतं.

संध्याकाळी शाळेच्या पडवीत पुन्हा लोक जमले. या वेळी जतीन पुढे. पाठीमागे कामगारांत धाकल्याही उभा होता. साहेबांनी गर्दी दिसावी म्हणून दहा-बारा जणांना बरोबर धाडलं होतं. जतीन क्रिओलमध्ये बोलला. जहाज येईल त्या तासापुरतं थांबावं लागेल, एरवी तुमची वाट तुमचीच आहे. मीही मच्छीमार आहे. तुमचं पोट मारणारी गोष्ट मी सांगेन का?

सगळे रागूकडे बघत होते. रागू उठला, जतीनचा हात धरून त्याला खाली पाण्यापाशी घेऊन गेला. लोक मागोमाग गेले.

"भाऊ," तो म्हणाला, "पाण्यात हात घाल आणि सांग."

जतीन गुडघ्यावर बसला, मनगटापर्यंत हात पाण्यात घातला आणि म्हणाला, "वाट राहील."

रागूने मान डोलावली. लगेच तो आपल्या होडीकडे गेला आणि त्याने नांगर उचलला. बाकीच्यांनी त्याचं बघून उचलले. तासाभरात जेट्टी मोकळी झाली. परत जाताना धाकल्या जतीनच्या बाजूने चालत होता. त्याला क्रिओल येत नव्हती.

"काय सांगितला तू त्यांना?" त्याने विचारलं.

"वाट राहील म्हणून."

धाकल्याने जेट्टीमागच्या ताडपत्रीकडे बघितलं. "मग ते ठोकळं?"

"तू तुझं काम कर ना," जतीन म्हणाला. असा तो धाकल्याशी कधी बोलला नव्हता.

नऊ दिवसांनी बोये टाकायचा हुकूम आला. सकाळी ओहोटी लागताना जतीनने बोट बाहेर काढली. क्रेनने एकेक ठोकळा उचलायचा, साखळी तपासायची, जागेवर आलं की खाली सोडायचं. दहाव्या बोयापर्यंत किनाऱ्यावर माणसं जमली होती. कुणी ओरडत नव्हतं, दगड मारत नव्हतं. रागू पाण्यात कमरेएवढा उभा होता. बोट त्याच्यापासून इतक्या जवळून गेली की त्याचा चेहरा स्पष्ट दिसावा, पण जतीनने डोकं यंत्राच्या पडद्यात खुपसलं ते बाविसावा बोया पडेपर्यंत वर काढलं नाही. त्यानंतरच्या रविवारी तो रागूकडे गेला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. एप्रिलमध्ये करार संपला. कंपनीने आणखी वर्षभर थांबायला सांगितलं, वरची जागाही देऊ केली. तो म्हणाला, आईचं वय झालंय. बेटावरून निघाला तेव्हा कुणाचा निरोप घेतला नाही.

घरी आल्यावर तो बरा होता, म्हणजे बरा दिसत होता. मोठ्या भावाबरोबर बोटीवर जायचा, बाजाराच्या दिवशी आईच्या पाट्या डहाणूला पोचवायचा. ऑगस्टमध्ये साइटवरच्या एकाने कामगारांच्या ग्रुपवर दोन ओळी टाकल्या. पश्चिमेच्या वाटेत होडी उलटली. आंत्वान बुडाला, म्हातारा वाचला, पण कंबरेत मोडलाय. खाली कुणीतरी हात जोडल्याचं चित्र टाकलं, मग कुणीतरी जेट्टीच्या दिव्यांचा फोटो, आणि ग्रुप पुढे गेला. जतीन ओट्यावर बसून त्या दोन ओळी पुन्हापुन्हा वाचत राहिला. क्रांतीने विचारलं, काय झालं? तो म्हणाला, ओळखीचा एकजण गेला.

"कसा?"

"दर्यात."

मच्छीमाराच्या घरात यापुढे कुणी काही विचारत नाही. क्रांतीने हात जोडले आणि आत गेली.

हर्षदा तेव्हा डहाणूच्या कॉलेजात राज्यशास्त्र घेऊन दुसऱ्या वर्षाला होती. हिवाळ्यात तिने प्रोजेक्टला विषय घेतला: हिंदी महासागरातली आपली संरक्षण भागीदारी. इतर मुलं इंटरनेटवरून उतरवणार होती. तिच्या घरातच साक्षीदार होता. वही घेऊन ती बापासमोर बसली. कुठले देश, कुठल्या सोयी, देखरेख म्हणजे काय, दुसऱ्या देशाचे तळ कुठेकुठे आहेत, सगळं विचारत गेली. जतीनला जेवढं माहीत होतं तेवढं त्याने सांगितलं. मग तिने वहीतला पुढचा प्रश्न वाचला, "स्थानिक लोकांचा विरोध होता का, पप्पा?"

"नाही," तो म्हणाला. "लोक खूश होते. दवाखाना झाला, दिवे आले. कशाला विरोध करतील?"

तिने ते लिहून घेतलं.

प्रोजेक्ट सगळ्यांत चांगला ठरला. जानेवारीत कॉलेजने या विषयावर एक चर्चासत्र ठेवलं आणि हर्षदाच्या बाईंनी आग्रह केला की वडिलांना बोलवच. जतीनने टाळायचा फार प्रयत्न केला. शेवटी सोनूबाईच म्हणाली, "अरे, पोरीचं मन मोडू नको. दोन शब्द बोलायला काय जातंय?" तो इस्त्रीचा शर्ट घालून गेला. शाल दिली, नारळ दिला. "देशाच्या सीमेपलीकडे देशाची सेवा करणारे आपल्या किनाऱ्याचे सुपुत्र," असं बाईंनी म्हटलं. जतीन माइकसमोर उभा राहिला आणि हर्षदाला सांगितलं होतं तेच पुन्हा बोलला. दवाखाना, दिवे, लोक खूश. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत सोनूबाई नवं लुगडं नेसून बसली होती, तिने पदराने डोळे टिपले. खाली उतरताना जतीनच्या हातून शाल पडली. ती उचलताना त्याला वाटलं की सगळं सभागृह आपली मान बघतंय.

मार्चमध्ये परदेशी नंबरावरून फोन आला. त्याने उचलला.

"भाऊ, मी लिला."

तिचा आवाज भरलेला नव्हता, कोरडा होता. ती म्हणाली, बेटावरच्या लोकांनी राजधानीतल्या कोर्टात अर्ज केला आहे. सरकार म्हणतं, असं कुठलंही आश्वासन कुणी दिलंच नव्हतं. मच्छीमारांनी आपण होऊन होड्या हलवल्या. "तू फक्त लिहून दे की तू सांगितलं होतंस. आमच्या सांगण्याला किंमत नाही."

"मी बघतो," जतीन म्हणाला आणि फोन ठेवला. लगेच त्याने तो नंबर ब्लॉक केला. दुसऱ्या नंबरावरून फोन आला, तोही केला. कंपनीच्या कागदावर सही होती, कामातलं बाहेर बोलणार नाही म्हणून. पोलीस येतील, पासपोर्ट जाईल, गावात म्हणतील देशाविरुद्ध बोलला. हे सगळं त्याला खरोखर वाटत होतं. पण घरात फोन वाजला की तो मोरीत जायचा आणि नळ सोडून उभा राहायचा.

धाकल्याही एव्हाना परत आला होता. एकदा डहाणू स्टेशनबाहेर जतीनने त्याला लांबून पाहिलं, बायको गंगीबरोबर रिक्षाची वाट बघत उभा. जतीन एका दुकानात शिरला आणि दोघं जाईपर्यंत नको असलेल्या पायताणांच्या किमती विचारत बसला.

मे महिन्यात एका दुपारी धाकल्याच वरोरला आला. वेवजीहून एवढ्या उन्हात दोन वाहनं बदलून. सोनूबाई ओट्यावर बोंबील निवडत होती. क्रांती आणि हर्षदा बाजूला बसल्या होत्या. जतीन जाळं शिवत होता. पळायला वाट नव्हती. क्रांतीने पाणी दिलं. धाकल्याने तांब्या रिकामा केला आणि सगळ्यांसमोरच बोलला, कारण आडून बोलणं त्याला येत नव्हतं.

"जतीनभाऊ, ती बाई मला फोन करते. म्हाताऱ्याची पोर. भाऊ, भाऊ करते, म्हणजे तुझा फोन लागत नसल. मला तिची भाषा कळत नाय, मी नुसता हा हा करतो. ती रडते. मी काय सांगू तिला?"

"कोण बाई?" क्रांतीने विचारलं.

जतीन जाळं शिवतच राहिला. धाकल्याने त्याच्याकडे बघितलं, मग बायकांकडे बघितलं, आणि त्याच्या ध्यानात आलं की इथे कुणाला काहीच ठाऊक नाही. तो ओशाळला. "तू नाय सांगितला घरी?" तो हळूच म्हणाला.

मग जतीनला सांगावंच लागलं. त्याने ते वाईट सांगितलं, तुटक, मधूनमधून साहेबांवर ढकलत. पण पाण्यात हात घातल्यापर्यंत आला तेव्हा सोनूबाईचे हात बोंबलांवर थांबले.

"दर्यात हात घालून?" तिने विचारलं.

"आई, साहेबांनी..."

"साहेबाचा हात होता का तो?"

ती पाटी उचलून आत गेली. हर्षदा जमिनीकडे बघत म्हणाली, "मी ते लिहिलं, पप्पा. लोक खूश होते, असं. सगळ्यांसमोर वाचलं." तिने आवाज चढवला असता तर जतीनला सोपं गेलं असतं.

चार दिवसांनी तो धाकल्याला घेऊन डहाणूत संगिता वकिलांच्या ऑफिसात गेला. क्रांती बरोबर आली, न बोलावता. वकीलबाईंनी सगळं ऐकून घेतलं. कंपनीच्या सहीचं त्याने विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "रडार कुठे, जहाजं किती, यातलं तुम्ही काही सांगत नाही आहात. भर सभेत लोकांना काय बोललात तेवढंच सांगताय. कंपनी त्रास देऊ शकते. देईलही. पण हे गुपित नव्हतं, तीनशे माणसांनी ऐकलंय." मग त्यांनी त्याला तोंडी सांगायला लावलं, टाइप केलं आणि शेवटी वाचून दाखवलं. मी अमुक तारखेला अमुक ठिकाणी असं आश्वासन दिलं. ते मला माझ्या वरिष्ठांनी द्यायला सांगितलं. वाट कायमची बंद होणार आहे याची मला त्या वेळी कल्पना नव्हती.

"बरोबर?" वकीलबाईंनी विचारलं.

"बरोबर," जतीन म्हणाला आणि पेन हातात घेतलं.

बाकावर बसलेला धाकल्या चुळबुळला. "जतीनभाऊ," तो म्हणाला, "ठोकळं तर आपण आधीच ओतलं होतं. मीटिंगच्या आधी. आकडे तू घातलं."

ऑफिसात पंखा फिरत होता. क्रांतीने नवऱ्याकडे असं पाहिलं, जणू आजवर तिने त्याला नीट बघितलंच नव्हतं. कबुली द्यायला आलेला माणूस, आणि कबुलीतसुद्धा खोटं घुसवत होता. आणि त्याला ते घालताना कळलंही नव्हतं, इतकं ते सहज जमलं होतं. पोलिसांची, कंपनीची, गावाची सगळी भीती एका बाजूला आणि धाकल्याने ते साधेपणाने बोलून दाखवलं ती घटका एका बाजूला. धाकल्याने त्याला पकडायला म्हटलं नव्हतं. त्याला वाटलं होतं, भाऊ विसरला असेल.

"ती शेवटची ओळ काढा," जतीन वकीलबाईंना म्हणाला. "तिथे लिहा, मला माहीत होतं."

"विचार करा. तुमच्यावरच येईल."

"लिहा."

त्याने सही केली. साक्षीदार म्हणून धाकल्याने आपलं नाव मोठ्या अक्षरांत सावकाश काढलं.

कागद गेला. लिलाचे नंबर जतीनने मोकळे केले आणि कागद निघाल्याचं तिला फोनवर कळवलं. त्यानंतर कंपनीकडून एक नोटीस आली, तिला वकीलबाईंनी उत्तर दिलं, पुढे काही झालं नाही. गावात कळलं तसं लोक दोन्ही बाजूंनी बोलले. कुणी म्हणालं, परक्यांसाठी आपल्याच देशाला तोंडघशी पाडलं. कुणी म्हणालं, आधी का नाही बोलला? जतीन दोघांचंही ऐकायचा आणि बोटीवर जायचा. हर्षदाने कॉलेजात जाऊन बाईंना सांगितलं की माझ्या प्रोजेक्टमधलं चौथं पान खोटं आहे. बाई म्हणाल्या, आता मार्क लागले, राहू दे. तिने तरी ते पान वेगळं लिहून त्यांच्याकडे दिलं. बापाशी ती बोलते, पण त्याच्यासमोर वही घेऊन पुन्हा बसली नाही. सोनूबाईने नारळी पौर्णिमेला नारळ वाहायला धाकट्या मुलाला पाठवलं. जतीनला जा म्हणाली नाही, जाऊ नको असंही म्हणाली नाही.

गेल्या डिसेंबरात निकाल आला. बोये राहिले. उत्तरेच्या वाटेतून आठवड्यातले तीन दिवस, सकाळी ठरल्या वेळात होड्या सोडायच्या, असं कोर्टाने सांगितलं. दोन आठवड्यांनी लिलाचा निरोप आला, तिच्याच आवाजातला. जतीनने तो एकट्याने ऐकला आणि दुसऱ्या दिवशी तलासरीची गाडी धरून वेवजीला गेला. धाकल्याला निकाल सांगायचा, हे निमित्त.

धाकल्या अंगणात घराची कुडाची भिंत सारवत होता. हात धुऊन आला, खाट टाकली. निकाल ऐकून म्हणाला, "तीन दिवस तर तीन दिवस." मग विचारलं, "ती काय बोलली?"

जतीनने फोन काढून निरोप लावला. धाकल्या कान देऊन शेवटपर्यंत ऐकत राहिला, त्यातलं काही कळत नसताना. संपल्यावर म्हणाला, "सांग."

जतीनने एकेक वाक्य करत सांगितलं. "ती म्हणते, कागद पोचला, त्याचा उपयोग झाला. म्हणते, बाबा अंथरुणावर आहेत. इतके दिवस ते सगळ्यांना सांगायचे, भाऊने आपल्याला फसवलं नाही, भाऊलाही कुणीतरी फसवलं असणार. आंत्वान गेला त्या दिवशीही त्यांनी हेच सांगितलं. म्हणते, परवा मी त्यांना तुझा कागद वाचून दाखवला. सगळा. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. आता ते तुझं नाव काढत नाहीत." जतीन थांबला. एक वाक्य उरलं होतं. "म्हणते, पुन्हा फोन करू नकोस."

धाकल्याने ऐकून घेतलं. आतून गंगीने विचारलं, पाहुणा जेवणार का? धाकल्याने जतीनकडे बघितलं. जतीनला नको म्हणायचं होतं. या घरात बसून जेवायचं तोंड आपल्याला नाही असं त्याला वाटत होतं. पण गंगी नाचणीची भाकरी आणि उडदाचं वरण घेऊन बाहेर आलीच, त्याच्यासमोर ताट ठेवलं आणि कोपऱ्यातली कोंबडी हुसकली. तो मान खाली घालून जेवला. धाकल्या बाजूला बसून पेंढ्यांचा उडवा रचायच्या कामाचं, यंदाच्या भाताचं, कशाकशाचं बोलत होता, आणि जतीन 'हो, हो' म्हणत होता.